तावदान काचेचं की प्लास्टिकचं?

मराठवाड्यात वादळाची चर्चा शेतापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा शेतातच संपते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत रेंगाळली आणि गहू, हरभरा, द्राक्षं, मोसंबी झोडपून गेली. ११ फेब्रुवारी २०१८ ला जालना-बीड पट्ट्यात पुन्हा तेच घडलं. अशा वेळी शहरातल्या फुटक्या काचांचं कोणाला काय पडलेलं असतं? त्या झाडायच्या, पोत्यात भरायच्या आणि सवडीनं काचवाल्याला बोलवायचं. पण छत्रपती संभाजीनगरात आता घरं उंच झाली, खिडक्या रुंदावल्या, छज्जे आखडले आणि जुन्या घरांच्या गच्चीवर भाड्यासाठी पत्र्याच्या खोल्या चढल्या. वळवाचा वारा आणि घरातलं माणूस यांच्यामध्ये कित्येक ठिकाणी एक तावदान तेवढं उरलं आहे.

ते काचेचं असावं की न फुटणाऱ्या प्लास्टिकचं, हा वाद इथे एका मामा-भाचीच्या तोंडी घातला आहे. दोघंही कल्पनेतली, मुद्दे मात्र खरे. मामांनी गारखेडा भागात उभं आयुष्य फॅब्रिकेशनचं दुकान चालवलं. भाची इथल्याच सिपेट संस्थेत प्लास्टिक तंत्रज्ञान शिकली आणि आता वाळूजला नोकरी करते. निमित्त आहे सिडकोतल्या घराच्या गच्चीवर चढणाऱ्या एका पत्र्याच्या खोलीचं. तिला पश्चिमेला दोन खिडक्या आहेत आणि जिन्याच्या डोक्यावर उजेडासाठी सोडलेली मोकळी जागा आहे.

भाची : मामा, दोन्ही खिडक्यांना पॉलीकार्बोनेट लावायचं. सॉलिड शीट, चार मिलिमीटर. काच नकोच.

मामा : काचेनं तुझं काय घोडं मारलं?

भाची : गारपीट झाली की कळेल. बोराएवढी गार काच सोसते. लिंबाएवढी पडली की हिशेबच बदलतो. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं आणि जड गार वेगही जास्त घेते. अडीच सेंटीमीटरची गार सात-आठ ग्रॅमची असते, ती सेकंदाला वीस-बावीस मीटरनं आदळते. पाच सेंटीमीटरची साठ ग्रॅमच्या आसपास भरते आणि तिचा वेग तिसाच्या वर जातो. म्हणजे दणका साधारण सोळापट. चार मिलिमीटरची साधी काच त्यापुढे कशी टिकायची?

मामा : गार वरून पडते, बाई. खिडकी उभी असते. तिच्यावर छज्जा असतो.

भाची : वारा नसेल तर वरून पडते. वळवात ती तिरपीच येते. आणि तुमचा छज्जा आता उरलाय किती? जुन्या सिडकोच्या घरांना चांगला दोन फुटांचा असायचा. नव्या खोलीला तुम्हीच नऊ इंचाचा काढलाय.

मामा : तुझ्या आईनं पैसे वाचवायला सांगितले म्हणून काढला. बरं, गार तिरपी येते, मान्य. तुझं प्लास्टिक काय दिवे लावणार ते सांग.

भाची : पोलिसांच्या हातात पारदर्शक ढाल असते ना, ती याचीच. १९५३ साली जर्मनीत बायरचे हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स या दोघांनी एकमेकांना पत्ता नसताना हे प्लास्टिक शोधलं. हातोडा मारला तर काच तडकते, हे वाकतं, फार तर खळगा पडतो. शिवाय काचेच्या निम्म्यानंसुद्धा वजन नाही. पत्र्याच्या खोलीला हलकं तेवढं बरं.

मामा : आता मी बोलू? खाली जा आणि दाजींच्या गाडीचा हेडलाइट बघून ये. तोही पॉलीकार्बोनेटचाच आहे ना? मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा झालाय. सहा-सात उन्हाळ्यांत गाडीच्या दिव्याची ही गत, मग दिवसभर उन्हात तापणाऱ्या खिडकीची काय होईल? आपल्याकडं मे महिन्यात ऊन नुसतं भाजून काढतं.

भाची : ऊन लागून पिवळं पडतं, खरं आहे. अतिनील किरणांनी त्याच्या साखळ्या तुटतात. म्हणून चांगल्या शीटवर किरण अडवणारा पातळ थर दिलेला असतो. पण तो बहुतेक शीटना एकाच बाजूला असतो आणि ती बाजू बाहेर यायला पाहिजे. शीटवर जो संरक्षक कागद चिकटवून येतो, त्यावर तसं छापलेलं असतं. बसवणारा न बघता उलटी बसवतो आणि चार वर्षांनी मालक म्हणतो, प्लास्टिकच खराब निघालं.

मामा : तो कागद मला शिकवू नको. काम संपेपर्यंत ओरखडे नकोत म्हणून लोक तो तसाच ठेवतात. महिनाभर ऊन खाल्लं की तो असा चिकटून बसतो की नखानं टोकरत बसावं लागतं, आणि टोकरताना जे ओरखडे पडतात ते वेगळेच. ते जाऊ दे. धुळीचं काय? शहरात जिथं बघावं तिथं रस्ता खणलेला. बायका खिडकी पुसतात त्या कोरड्या फडक्यानं नाहीतर वर्तमानपत्राच्या बोळ्यानं. काच ते सोसते. तुझ्या शीटवर दिवाळीपर्यंत जाळी धरेल.

भाची : कोरडं पुसायचंच नाही. आधी पाणी मारायचं, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला मऊ कपडा. वरून कडक लेप दिलेलं शीटही मिळतं, महाग असतं.

मामा : म्हणजे खिडकी पुसायची शिकवणी लावायची. भाडेकरूलाही.

भाची : हसा तुम्ही. पण जिन्याच्या डोक्यावर काय लावणार? तिथं गार खरंच सरळ वरून पडणार आणि खालून माणसं चढणार-उतरणार.

मामा : तिथं तुझंच लाव. डोक्यावर मी काच कधी बसवत नाही, बसवलीच तर दोन पदरांची. जिन्यात काही कोणी बाहेरचा देखावा बघत उभं राहत नाही, पिवळं पडलं तरी उजेड येतो. फक्त ते आत पोकळ कप्पे असलेलं शीट नको. त्याची वरची कातडी फार पातळ असते. आठ-दहा वर्षं ऊन खाल्लेल्या कप्प्याच्या शीटला गारांनी भोकं पडलेली मी बघितली आहेत.

भाची : म्हणजे एक जागा माझी झाली. आता खिडक्या.

मामा : खिडकीत तुझं शीट फुटणार नाही, हे मी आधीच कबूल करतो. माझा प्रश्न निराळा आहे. ते चौकटीत राहील का?

भाची : का नाही राहणार?

मामा : तू शिकलेली आहेस, तूच हिशेब कर. काच ताठ असते. प्लास्टिक वाकतं. भरल्या वाऱ्यात ते मधून फुगणार, फुगलं की कडा आत ओढल्या जाणार, आणि आपल्या साध्या स्लायडिंग सेक्शनमध्ये तावदान आत जातं जेमतेम सेंटीमीटरभर. एका बाजूची कड निसटली की अख्खं शीट खोलीत.

भाची : हे मात्र खरं आहे. ताठपणात काच पॉलीकार्बोनेटच्या जवळजवळ तीसपट भरते. आणि वाऱ्याचा जोर तुम्हाला वाटतो त्याहून जास्त असतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात गावागावांचा वाऱ्याचा मूळ वेग दिलाय. आपल्या शहराला सेकंदाला ३९ मीटर.

मामा : ताशी किती?

भाची : १४० किलोमीटर. रोजचा नाही, पन्नास वर्षांत एखाद्या वेळी गाठला जाईल असा झोताचा वेग. मुंबईला ४४ आहे, पुण्याला आपल्याइतकाच ३९. तेवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या थोडा वर जातो. चार बाय चार फुटांच्या खिडकीवर सव्वाशे-दीडशे किलोचा रेटा.

मामा : म्हणजे दोन धडधाकट माणसं खिडकीला पाठ लावून ढकलताहेत. आणि त्यांना अडवायला काय, तर आठवड्यापूर्वी ठोकलेले चार प्लास्टिकचे गट्टू आणि स्क्रू. तेही विटेच्या सांध्यात.

भाची : मग चौकट बदलू. कड धरणारी खाच खोल घेऊ, निदान दोन सेंटीमीटरची. शीट पाच-सहा मिलिमीटरची घेऊ, म्हणजे फुगणं कमी होईल.

मामा : खाच खोल घेतलीस तरी शीट तिथं आवळून बसवू नको. मी एकदा काचेसारखी नेमकी मापात कापून बसवली होती. उन्हाळ्यात ती पोटात येऊन वाकडी झाली.

भाची : होणारच. हिवाळ्यातल्या रात्रीपासून मेच्या दुपारपर्यंत शीटचं तापमान सहज पन्नास अंशांनी बदलतं. सव्वा मीटरचं शीट तेवढ्यात चार मिलिमीटर वाढतं. तेवढीच काच वाढते अर्धा मिलिमीटर. म्हणून कडेला मोकळीक ठेवायची. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तिथं अजिबात लावायचं नाही, त्यानं या शीटला बारीक भेगा पडतात. न्यूट्रल सिलिकॉन मागायचं. बीडिंगचं रबरही साधं पीव्हीसीचं नको, ईपीडीएमचं पाहिजे.

मामा : दुकानदार एकच सिलिकॉन देतो, जे समोर असेल ते. हे सगळं लिहून दे. कारागीर बिचारा काचेच्या सवयीनं काम करतो आणि शिव्या मालाला बसतात.

भाची : म्हणजे तुम्ही पॉलीकार्बोनेटवर आलात.

मामा : कुठं आलो? मूळ गोष्ट अजून बाकीच आहे. खिडकीच्या वरचा पत्रा तू कशानं धरून ठेवणार आहेस?

भाची : हुक बोल्टनं. का?

मामा : शेजारच्या गच्चीवर बघ. पत्र्यावर ओळीनं दगड ठेवलेत, दोन फुटके टायर आहेत, एक पाट्याचा तुकडा आहे. मराठवाड्यातल्या अर्ध्या घरांचा पत्रा असाच थांबलाय. वारा सुटला की पत्रा उचलतो आणि ते दगड घरात झोपलेल्याच्या अंगावर येतात, नाहीतर शेजाऱ्याच्या खिडकीत. तुझ्या खिडकीवर वादळ जे फेकणार आहे ना, ते आभाळातून कमी आणि शेजारच्या छपरावरून जास्त येणार आहे.

भाची : दगडांनी पत्रा थांबतच नाही. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आत-बाहेर. त्या मानकातल्या वेगाला छपराला वर ओढणारा जोर चौरस मीटरला ढोबळमानानं नव्वद किलो. त्यापुढे दगड कशाला पुरे पडणार? पण मामा, इथंच तुम्ही माझ्या मुद्द्यावर आलात. हे नव्वद किलो कधी? खिडक्या शाबूत असतील तेव्हा. वाऱ्याच्या बाजूचं तावदान फुटलं की वारा आत घुसतो, त्याला बाहेर पडायला वाट नसते, तो आतून छताला ढकलतो. बाहेरून वारा ओढतोय, आतून ढकलतोय. मग तेच नव्वद किलो एकशेचाळीसवर जातात.

मामा : एका खिडकीपायी?

भाची : मोठ्या खिडकीपायी. मानकात तेही लिहिलंय. भिंतीतली मोकळी जागा पाच टक्क्यांच्या आत असेल तर आतल्या दाबाचा गुणांक ०.२ धरायचा, वीस टक्क्यांच्या वर गेली की ०.७. खोली तीच, पत्रा तोच, बोल्ट तेच. फरक एवढाच की तावदान गेलं. अमेरिकेत ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडावर आलं. छपरं उडाली, त्यातली पुष्कळ आधी दारं-खिडक्या फुटल्यामुळे. मग तिथल्या मायामी-डेड परगण्यानं नियमच बदलले. खिडकी पास व्हायची असेल तर चार किलोंचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटर वेगानं तिच्यावर तोफेतून सोडतात. त्यानंतर तीच खिडकी दाबाचे नऊ हजार हेलकावे सोसते का ते बघतात. तडकली तरी चालेल, भोक पडता कामा नये.

मामा : चांगली परीक्षा आहे. पण त्या फ्लोरिडाच्या खिडकीला गज असतात का?

भाची : नाही.

मामा : आपल्याकडं बिनागजाची खिडकी दाखव. चोराच्या भीतीनं का होईना, आपण वाशाचा बंदोबस्त आधीच करून ठेवलाय. वासा गजात अडकेल. फांदी अडकेल. उडता पत्रा अडकेल. तुझं शीट ज्याच्यासाठी लावायचं, ते काम लोखंडाच्या गजानं केव्हाच केलंय.

भाची : वाशाचं केलं, गारेचं नाही केलं. गजांमध्ये चार-चार इंचांची फट असते. छपरावरचा दगड, विटेचा तुकडा, फुटकं कौल त्यातून आरामात जातं. आणि नव्या स्लायडिंगला ग्रिल बसते आतल्या बाजूनं. काच बाहेर, ग्रिल आत. म्हणजे पहिला मार काचच खाणार.

मामा : मग ग्रिल बाहेर घे आणि तिला बारीक वेल्डमेश जाळी मार. अर्ध्या इंचाची. जालन्याकडं द्राक्ष-डाळिंबवाले बागेवर गारांची जाळी ताणतात, तसंच. गार जाळीवर फुटेल.

भाची : हे मला आवडलं. जाळीनं उजेड थोडा कमी होईल, पण मागचं तावदान साध्या जाडीचं चालेल. मात्र वाऱ्याचा दाब जाळी अडवत नाही. तावदानाला तो सोसावाच लागेल. आणि तुम्ही त्यात टफन काच सांगाल.

मामा : सांगणारच. साध्या काचेच्या चौपट मजबूत. फुटली तरी सुऱ्यांसारखे तुकडे होत नाहीत, खडीसाखरेसारखा चुरा होतो.

भाची : तोच तर तोटा आहे. टफन काचेला एका कोपऱ्यात टोकदार दगड लागला की अख्खं तावदान खाली. माणूस कापला जात नाही, पण खिडकी पूर्ण उघडी पडते आणि मघाचा हिशेब सुरू होतो, वारा आत, पत्रा वर. त्यापेक्षा गाडीची पुढची काच आठवा. दगड लागला की तडे जातात, पण ती जागेवर राहते.

मामा : लॅमिनेटेड. दोन काचांत मध्ये प्लास्टिकचा पदर.

भाची : पीव्हीबीचा. फ्लोरिडातल्या वादळी खिडक्यांत प्रामुख्यानं हेच असतं. बाहेरून काच, म्हणून ओरखडा नाही, पिवळेपणा नाही, बायकांनी वर्तमानपत्रानं पुसली तरी चालतं. ताठपणा काचेचा आणि फुटल्यावर धरून ठेवणं प्लास्टिकचं. घेताना कोपऱ्यात सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाची, २५५३ ची खूण आहे का ते मात्र बघायचं.

मामा : मग अर्ध्या तासापासून पॉलीकार्बोनेटचं कीर्तन कशाला लावलं होतंस?

भाची : तुम्ही काचेचं लावलं होतं म्हणून. आणि अजून एक गोष्ट आहे, तीही आपल्याच गावची. आईच्या खालच्या मजल्यावरच्या जुन्या खिडक्या आहेत ना, त्यांची काच काढायची नसेल तर आतून सेफ्टी फिल्म लावता येते. वाळूज आणि चिकलठाण्याच्या गरवारेच्या कारखान्यांत खिडक्यांच्या पॉलिस्टर फिल्म तयार होतात आणि परदेशात जातात. अमेरिकेतल्या घरांच्या काचांवर आपल्या गावची फिल्म आहे, आणि आपल्याला फिल्म म्हटलं की गाडीची काळी काच आठवते.

मामा : २०१२ ला सुप्रीम कोर्टानं गाड्यांवरच्या फिल्म काढायला लावल्या, तेव्हापासून लोकांना वाटतं की फिल्मच बेकायदा.

भाची : तो निकाल गाड्यांपुरता होता, घराच्या खिडकीचा त्याच्याशी संबंध नाही. पण फिल्मबद्दल खरं तेवढंच सांगते. ती काच फुटायची थांबवत नाही. फुटलेले तुकडे धरून ठेवते. आणि कडेनं चौकटीला सिलिकॉननं बांधली नाही तर वाऱ्यात फिल्मसकट अख्खी फुटकी काच आत येते. म्हणून नुसत्या फिल्मला अमेरिकेतले लोकही वादळाचं संरक्षण मानत नाहीत. खाली मुलं अभ्यासाला बसतात, तिथं अंगावर काच उडू नये एवढ्यासाठी ती ठीक. उन्हाची फिल्म घ्यायची असेल तर फार गडदही नको. काच ऊन पिऊन तापते, कडा चौकटीत थंड राहतात आणि साधी काच आपोआप तडकते.

मामा : पटलं. आता माझी शेवटची गोष्ट ऐक. ही वादळाची नाही.

भाची : बोला.

मामा : ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. पुढं ३ एप्रिल २०२४ ला छावणीत कपड्याच्या दुकानाला आग लागली, वरच्या मजल्यावर राहणारे सात जण धुरानं गुदमरले. तू मला न फुटणारं तावदान सांगतेस, मी तुला न वाकणारे गज आणि त्यावर जाळी सांगतो. दोघांनी मिळून आपण त्या भाडेकरू पोरांना डबीत बंद करतोय. जिन्यात धूर भरला तर ती बाहेर कशी पडणार? अग्निशमनवाले काच कुऱ्हाडीनं फोडतात. तुझ्या शीटवर कुऱ्हाड उसळेल.

भाची : याचा मी विचार केला नव्हता. पॉलीकार्बोनेट फोडून आत शिरणं खरंच अवघड असतं, त्याला करवत लागते. लॅमिनेटेड काचेलाही वेळ लागतो.

मामा : म्हणून एक खिडकी अशी पाहिजे की जिचं तावदान आणि ग्रिल दोन्ही आतून उघडतील. बिजागरी लावायची. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली तिथंच खिळ्याला, हाताला लागेल अशी. आणि ती खिडकी पश्चिमेची नको, गच्चीकडची पाहिजे. माणूस उतरू शकेल अशा बाजूची.

भाची : म्हणजे पश्चिमेच्या दोन खिडक्या बळकट आणि गच्चीकडची उघडणारी.

मामा : आता पैशाचं. तुझ्या आईकडं सगळं करायला पैसा नाही. आधी काय?

भाची : आधी... पत्रा. हे मलाच म्हणावं लागतंय.

मामा : म्हण की. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यातल्या पारसला वादळात कडुलिंबाचं जुनं झाड मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर पडलं, सात माणसं गेली. तिथं कुठलं तावदान कामाला येणार होतं? आपल्या गच्चीवरही शेजारच्या अशोकाच्या फांद्या टेकल्यात. त्या छाटायला फार खर्च येत नाही. मग पत्रा. पत्र्याखालच्या प्रत्येक आडव्या पर्लिनवर हुक बोल्ट, कडेच्या आणि कोपऱ्याच्या ओळीत जास्त. वारा कोपऱ्यातूनच पत्रा सोलायला सुरुवात करतो. आणि पर्लिन भिंतीला नुसती टेकलेली नको, काँक्रीटच्या पट्ट्यात रॉड गाडून त्याला बांधलेली पाहिजे. पत्रा पर्लिनला धरून आणि पर्लिन हवेत, असं मी पुष्कळ बघितलंय.

भाची : त्यानंतर चौकट. विटेच्या सांध्यात स्क्रू नाही, काँक्रीटमध्ये अँकर.

मामा : आणि मग तावदान. पश्चिमेला लॅमिनेटेड, जिन्यावर तुझं सॉलिड पॉलीकार्बोनेट, खालच्या जुन्या काचांना फिल्म. गच्चीकडच्या खिडकीला साधी टफन, उघडणारी.

भाची : लॅमिनेटेडला पैसे पुरले नाहीत तर?

मामा : तर टफन आणि बाहेरून जाळी. दोन वर्षांनी पैसे आले की बदल. चौकट आज खोल खाचेची घेतली तर उद्या त्यात काहीही बसेल. चौकटच हलकी घेतलीस तर उद्या तुझं विमानाचं प्लास्टिक आणलं तरी ते तिच्यासकट निघून येईल.

वाद इथे संपला. निकाल द्यायचाच तर तो ना काचेच्या बाजूनं जातो, ना प्लास्टिकच्या. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन-दिवेआगरची कौलं आणि पत्रे उडवले, तेव्हा ते कोकणाचं दुखणं म्हणून आपण सोडून दिलं. चक्रीवादळ मराठवाड्यात त्या रूपात येत नाही, हे खरं. पण ताशी १४० किलोमीटरच्या झोताचा धोका आपल्या शहरासाठी मानकातच लिहून ठेवलेला आहे आणि गारपीट तर आपल्या घरचीच आहे. न फुटणारं प्लास्टिक इथे कामाचं आहे, पण नेमक्या जागी. डोक्यावरच्या झरोक्यात ते शीट म्हणून शोभतं, वाऱ्याच्या तोंडावरच्या खिडकीत दोन काचांमधला पदर म्हणून, जुन्या खिडकीत आतून लावलेली फिल्म म्हणून. न बांधलेल्या पत्र्याखाली आणि विटेच्या सांध्यात ठोकलेल्या चौकटीत ते लावणं म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणं.

ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे, त्यांनी एप्रिल उजाडण्याआधी एकदा गच्चीवर चढावं. पत्र्यावरचे दगड खाली उतरवावेत, बोल्ट आवळून घ्यावेत, चौकट हातानं हलवून बघावी आणि घरातली एक तरी खिडकी आतून पूर्ण उघडते ना, याची खात्री करावी. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळांना अजून पत्र्याचे वर्ग आहेत, तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीनंही हेच करावं. काचवाल्याला फोन त्यानंतर करायचा.